तेलाची तिसरी बाटली

४ जानेवारी

प्रिय वन्सं यांना सप्रेम नमस्कार,

तुमचं पार्सल काल पोचलं. आत बारीक लांब नळी एक, पिचकारीसारखा पंप एक, घट्ट बुचाच्या कोऱ्या बाटल्या तीन आणि तुमचं चार पानी पत्र. टपालाचा आकडा पाकिटावर दोनदा वाचला. तपासणीची फी मी आजच मनीऑर्डरने धाडली आहे. 'घरच्यांना कसली फी' म्हणून परत पाठवू नका, परत करायलाही पैसेच पडतात.

तुम्ही सगळं सविस्तर विचारलंत म्हणून लिहिते. तुमचे दादा निवृत्त झाल्यापासून घरात नुसते फिरताहेत. चौतीस वर्षं शहरबस एकाच गोल मार्गावर चालवली, आता खिडकी, दार, गॅलरी, परत खिडकी. मी म्हटलं, "अहो, थांब्यावर जरा थांबा तरी." तर म्हणतात, "प्रवासी नाहीत, थांबू कशाला?" त्यात इमारत पाडायची म्हणून मार्चअखेर खोल्या खाली करायची नोटीस आली. निवृत्तीच्या पैशात आता घर म्हणून काही येत नाही. मग ह्यांनी शोधून काढली ती घरगाडी. आत दोन पलंग, ओटा, मोरी, कपाटं, सगळं चाकांवर. अकरा वर्षं जुनी. विकणारे एक दातांचे डॉक्टर आहेत. होतं नव्हतं ते सगळं त्या गाडीत जाणार, म्हणून माझा जीव खालीवर होतो.

बरं झालं तुम्ही तेल तपासायचं सुचवलंत. बाकी गाडी दिसते, ठोकून बघता येते, पण गिअरबॉक्स म्हणजे पोटातलं दुखणं, हे तुमचं म्हणणं ह्यांनाही पटलं. ट्रकवाले आणि बसवाले तुमच्या प्रयोगशाळेत तेल पाठवतात हे माहीत होतं, आपल्या घरातून तिथे काही जाईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे इंजिन गरम करून, तेल मोजायच्या काठीच्या भोकातून नळी घालून मी स्वतः पंप ओढला. डॉक्टर शेजारी उभे राहून सारखे "झालं का? झालं का?" म्हणत होते. ह्यांनी सुनावलं, "दुसऱ्याच्या तोंडात तासभर बघता, तुमच्या गाडीच्या तोंडात पाच मिनिटं बघू द्या की."

मला विचाराल तर हे सगळं ह्यांचं खूळ. बायकामाणसाने रस्त्यावर संसार मांडायचा म्हणजे काय! पण देव ठेवील तसं राहायचं.

तुमची,
वहिनी

*

१६ जानेवारी

वहिनीस नमस्कार,

नमुना तपासला. ऐक, सोप्या शब्दांत सांगते. गिअरबॉक्समध्ये जे जे झिजतं त्याचा बारीक चुरा तेलात उतरतो. लोखंड म्हणजे दात आणि दांडे, तांबं म्हणजे आतल्या चकत्या नि दांड्याभोवतीच्या कड्या. तुझ्या तेलात दहा लाख भागांत लोखंड एकशेऐंशी निघालं, तांबं नव्वद. जुन्या तेलाला हे जास्त आहे, पण तेवढ्याने मी घाबरत नाही. घाबरले ते सोडियम बघून. एवढं सोडियम तेलात दिसलं की आम्ही एकच म्हणतो : रेडिएटरचं पाणी आत शिरलं. तसं असेल तर गिअरबॉक्स गेला म्हणून समज.

पण वहिनी, एक गोष्ट जुळत नाही. रेडिएटरच्या पाण्याबरोबर पोटॅशियमही यायला हवं. ते नाही. तेलात पाण्याचा थेंबही नाही. आणि नमुना ज्या बाटलीत आला ती बाटली माझी नव्हती.

तेव्हा विचारते, राग मानू नकोस. तुझ्या मनात ही गाडी नाही हे तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतं. त्या बाटलीत तू काही घातलंस का? घातलं असशील तर मला सरळ सांग. दादाला मी समजावीन. नाहीतरी मी तुम्हाला कधीची म्हणतेय, माझ्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. परवाच रंग काढून घेतला. खिडकीला जाळीही बसवली. मी एकटी त्या घरात किती आवाज करणार?

तुझी नणंद

*

२२ जानेवारी

वन्सं यांस,

पत्र वाचून मी तासभर देवापुढे बसून राहिले. छत्तीस वर्षं या घरात आहे, दुधात पाणी घातलं नाही, तेलात काय घालणार?

मग आठवलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. ती बाटली खोकल्याच्या औषधाची होती. फेकवत नव्हती म्हणून ठेवलेली. वास जाईना म्हणून धुण्याचा सोडा घालून खळखळून धुतली आणि उन्हात पालथी घातली. मला दिसायला लख्ख दिसत होती. धुण्याच्या सोड्यातच तुमचं ते सोडियम असतं, हे शेजारच्या औषधाच्या दुकानदाराने सांगितलं आणि वर हसला. सोडा काठाला चिकटून राहिला असणार.

आता तुम्ही विचाराल, मी पाठवलेल्या कोऱ्या बाटल्यांचं काय केलंस. तर सांगते. एकीत चहाची पूड भरली आणि एकीत साखर. घट्ट बूच, गाडी हलली तरी सांडायची नाही. गाडीच्या ओट्यावर खिडकीखाली एक चिंचोळी फळी आहे, तिथे बरोबर बसतात. मी मापून आले होते.

लिहिलं एकदाचं. ह्यांना सांगू नका. ह्यांच्यापुढे मी अजून नाहीच म्हणतेय. दोघांनी हो म्हटलं तर ब्रेक कोणी मारायचा?

पण घोळ पुढेच आहे. तुमचं पत्र आधी ह्यांच्या हाती लागलं. पहिलंच पान वाचलं, दुसरं वाचायच्या आत चपला घातल्या आणि तडक दवाखान्यात. खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलेला, आणि हे डॉक्टरांना म्हणतात, "गिअरबॉक्समध्ये पाणी घालून विकता काय?" डॉक्टर पांढरेफटक. पेशंटने म्हणे तोंड मिटून घेतलं.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. पुन्हा नमुना घेऊ म्हटलं. ते म्हणाले, दोन दिवसांनी या. काल घेतला. तिसरी बाटली कोरीच होती, तिच्यात भरून सोबत पाठवते आहे. या वेळी तेल लालचुटुक दिसतंय, सरबतासारखं. हे फार खूश आहेत.

वहिनी

*

१ फेब्रुवारी

वहिनी,

आधी माझ्या संशयाबद्दल दोन्ही कान पकडते. सोड्याची गोष्ट आमच्या साहेबांना सांगितली तर ते खुर्चीतून पडायचे राहिले. तुझं नाव न सांगता आता नव्या मुलांना शिकवतात : बाटली धुऊ नका.

सोडियम गेलं. पाणी नाही. पण खूश होऊ नकोस. या नमुन्यात लोखंड नऊ आहे. तांबं चार. एकशेऐंशीचं नऊ पंधरा दिवसांत होत नाही. घट्टपणा नव्या तेलाचा, रंग नव्या तेलाचा. हे तेल डब्यातून ओतून आठवडाही झालेला नाही. मधल्या काळात कोणीतरी तेल बदललं.

नवं तेल काहीच सांगत नाही. ते साक्षीदारच नव्हे, त्याने काही पाहिलेलंच नाही.

माझं ऐक, नाद सोडा. या माणसाने लपवलं आहे. सामान बांधा आणि इकडे या. तुमच्यासाठी मी कपाट सांगितलं आहे, दोन आरशांचं.

तुझी नणंद

*

६ फेब्रुवारी

वन्सं यांस सप्रेम,

डॉक्टरांना विचारलं. माणूस डोळ्याला डोळा देऊन बोलला. "बाई, तुमच्याच कागदात लिहिलं होतं तेलात घाण आहे. मी स्वच्छ करून घेतलं, पदरचे पैसे घालून. पेशंट म्हणाला तोंडाला वास येतो, तर मी दात साफ करून देणार नाही?" ते खोटं की खरं ते देव जाणे. पण माझ्या सोड्यामुळेच तेल बदललं गेलं, एवढं खरं. जुनं तेल चाळीस हजार किलोमीटर चाललं होतं म्हणतात.

आता रागावू नका, पण मनातलं लिहिते. पहिला नमुना वाईट आला, तुम्ही म्हणालात घेऊ नका. दुसरा चांगला आला, तरी म्हणता घेऊ नका. मधल्या मध्ये खोल्यांना रंग झाला, जाळी बसली, कपाट आलं. वन्सं, तिसऱ्या नमुन्याच्या आधी पडदे तर नाही ना शिवायला टाकलेत?

तुमचा एकटेपणा मला कळत नाही असं नाही. पण तुमच्या घरी आलो की हे तिथेही खिडकी, दार, गॅलरी करणार. फक्त गॅलरी दुसऱ्याची. आणि मी? लग्न होऊन आले ती या दोन खोल्यांत, इथून निघेन ती तुमच्या दोन खोल्यांत. या शहराला समुद्र किती लांब आहे हेसुद्धा मला ह्यांच्या नकाशात बघून कळलं.

मालकाची माणसं काल जिना मोजून गेली. शेजारचे गेलेसुद्धा, त्यांच्या दाराला नुसता खिळा उरलाय. मला अर्थ नको, आकडे पाठवा. दोन्ही नमुन्यांचे, सगळे. मॅट्रिकला गणितात मला बरे मार्क होते.

वहिनी

*

१२ फेब्रुवारी

वहिनी,

पडदे शिवायला टाकले होते. आज परत आणले, कापड तसंच आहे.

तुझं पत्र वाचल्यावर प्रयोगशाळेत दिवसभर माझं लक्ष नव्हतं. बत्तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे निकाल लिहिले, कोणी म्हटलं नव्हतं की तुझा हात तराजूच्या पारड्यावर आहे. रात्री स्वतःलाच विचारलं. आहे का? उत्तर मला आवडलं नाही.

म्हणून आता अर्थ सांगत नाही. सोबत दोन्ही कागद. तू घर चालवतेस, तुला हे माझ्याहून लवकर कळेल : एका दिवसाची शिल्लक बघून घर तरतंय की बुडतंय ते सांगता येत नाही. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक आणि शेवटची, दोन्ही लागतात. दुसरा नमुना ही तुझी सुरुवात. योगायोगाने शून्यापासून सुरू झालेली कोरी सुरुवात. आता गाडी पळव. रिकामी नाही, भरून. पाण्याची टाकी भरा, गाद्या, भांडी, दोघंही बसा. सपाट रस्त्यावर नको, घाट चढा. हजारभर किलोमीटर झाले की गरम तेलाचा नमुना घ्या. तेवढ्या वाटेत लोखंड दहावीस वाढलं तर चालेल. किती वाढलं तर चालणार नाही, ते तूच ठरव.

नव्या बाटल्या पाठवते आहे. एक नमुन्याला, बाकीच्या तिखटमिठाला.

नमुना मी तपासणार नाही. साहेब तपासतील, कोणाचा ते त्यांना सांगणार नाही.

नणंद

*

२५ फेब्रुवारी

वन्सं यांस सप्रेम नमस्कार,

तुम्हाला असं बोलायला नको होतं, तोंडातून गेलं ते गेलं. त्याबद्दल भेटीत. आधी प्रवासाचं सांगते, नाहीतर मी फुटेन.

डॉक्टरांनी अनामत ठेवून घेऊन पाच दिवस गाडी दिली. ह्यांच्या अंगावर बसचा जुना खाकी सदरा. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "चाक हातात आल्यावर दुसरं शोभत नाही." पहिल्या चौकात सवयीने डावीकडे वळले, आपल्या जुन्या मार्गावर. मी म्हटलं, "अहो, सरळ!" मग स्वतःच हसले, आणि सरळ गेलो. वन्सं, नुसतं सरळ जाण्यात एवढा आनंद असतो? शहर संपलं, मग गोदामं संपली, मग काहीच नव्हतं, नुसता रस्ता.

सकाळी एका तळ्याकाठी उठले. ओट्यावर चहा टाकला, खिडकी उघडली, तर समोर पाणी. छत्तीस वर्षं माझ्या ओट्यासमोर शेजाऱ्यांचा सांडपाण्याचा पाईप होता. मी देवाची तसबीर फळीवर ठेवली, हात जोडले, आणि प्रार्थनेत मागण्यासारखं काही सुचेना. नुसतीच उभी राहिले. हे बाहेरून म्हणाले, "उकळलं सगळं!" चहा ओट्यावर पसरलेला.

तिसऱ्या दिवशी घाट. खाली असताना ठीक होतं. अर्ध्यात इंजिनचा आवाज एकदम वर चढला, आणि गाडी मात्र तिथेच. म्हणजे जात होती, पण आवाज जेवढा मोठा तेवढी जात नव्हती. ओल्या साबणावर पाय पडावा तसं. मग धक्का बसून पुन्हा पकडली. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे रस्त्याकडे बघत होते. पुन्हा तसंच झालं. ह्यांनी हात लांब करून रेडिओ मोठा केला.

वर पोचेपर्यंत रेडिओ मोठाच होता. वर गार वारा होता. ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "अकरा वर्षांची आहे, कुरकुरणारच." मी म्हटलं, "मी काही बोलले का?"

नऊशे किलोमीटर झाले. नमुना सोबत आहे. तेल अजून लाल आहे, पण वास बदललाय. इस्त्रीखाली कापड राहिलं की येतो तसा. हे म्हणतात मला भास होतोय.

ह्यांना झोप नाही. मलाही. लवकर पाठवा.

वहिनी

*

४ मार्च

वहिनी,

साहेबांनी तपासला. लोखंड पासष्ट. तांबं एकावन्न. चकत्यांचा भुसा आहे. तेल जळकं.

नमुना कोणाचा ते न कळता साहेब एवढंच म्हणाले, "हा माणूस घाट चढून आलाय वाटतं."

आणखी एक ओळ लिहिते, मग थांबते. निकालाचं पाकीट फोडताना मी मनात म्हणत होते, आकडे लहान येऊ देत. खरंच म्हणत होते. तुला पटो न पटो.

नणंद

*

१० मार्च

प्रिय वन्सं यांना सप्रेम नमस्कार,

पटलं. नाही पटलं तर मी कसली वहिनी?

तुमचं पत्र आलं तेव्हा हे खाली बाजारात गेले होते. मी कागद पसरून बसले. जुन्या तेलात चाळीस हजार किलोमीटरला एकशेऐंशी. नव्यात नऊशेला छप्पन्न वाढलं. म्हणजे एक डोंगर चढायला गाडीने जवळपास तिसरा हिस्सा आयुष्य खर्च केलं. डॉक्टर चाळीस हजार खोटं बोलले, की गाडी सपाट रस्त्यावरच आजवर निभावली, कोण जाणे. दोन्हीचा हिशोब आपल्याच अंगावर बसतो. असा खर्च घरात कोणी केला असता तर मी कपाटाची किल्ली काढून घेतली असती.

हे आले. मी कागद पुढे केला. ह्यांनी चष्मा शोधला नाही, कागदही घेतला नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "घाटातच कळलं होतं मला."

"मग रेडिओ कशाला मोठा केलात?"

"तू ऐकू नयेस म्हणून."

"मी काय बहिरी?"

"तू खिडकीत बसून हसत होतीस," ते म्हणाले. "छत्तीस वर्षांत असं हसताना पाहिली नव्हती. मला वाटलं, अजून थोडा वेळ हसू दे."

वन्सं, मला वाटत होतं मी ह्यांच्यासाठी नाही नाही म्हणत हो म्हणतेय. आणि हे जळका गिअरबॉक्स माझ्यासाठी विकत घ्यायला निघाले होते. थोडक्यात वाचलो.

मग मी रडले. गाडीसाठीच. खोटं कशाला सांगू, एवढी तर मी माहेरून निघतानाही रडले नव्हते. ह्यांना वाटलं आता समजूत काढावी लागणार, तर मी डोळे पुसून म्हटलं, "दुसरी बघा. आणि या वेळी तेल आधी, रंग मागाहून."

अनामत परत आणायला मीच गेले. डॉक्टरांना तिन्ही कागद दिले आणि म्हटलं, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवा. त्यांनी बराच वेळ वाचले. म्हणाले, "हे दाखवलं तर कोण घेईल?" मी म्हटलं, "ज्याला दुरुस्त करायचीय तो घेईल, पैसे कमी देऊन." त्यांनी कागद घडी करून खणात ठेवले. मग मी निघताना म्हणतात, "बाई, तुमची उजवी दाढ हलतेय, एकदा दाखवून जा." मी म्हटलं, "फुकट असेल तर." हसले, आणि खरंच बघितली. माणूस अगदीच वाईट नसावा.

आता आमचं. मार्चअखेरीला खोल्या सोडतोय, आणि तुमच्याकडे येतोय. सामान थोडंच आणते आहे, जड ते इथेच विकून टाकलं. तुमचे दादा तुमच्या गॅलरीत फेऱ्या घालतील, त्यांना घालू द्या. पण आम्ही राहायला येत नाही आहोत, निघायला येतो आहोत. हे तुम्हाला आधीच लिहून ठेवते, म्हणजे जायच्या दिवशी डोळ्यांत पाणी नको. रोज सकाळी हे तुमच्याबरोबर निघतील, प्रयोगशाळेत तेल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांना विचारतील कुठे कोणाची घरगाडी विकाऊ आहे. संध्याकाळी मी तुमच्याकडून आकडे वाचायला शिकीन. तुमची निवृत्ती पुढच्या वर्षी ना? तोवर आमची गाडी मिळाली नाही तर तुम्हीही शोधायला लागा. आणि मिळाली, तर दोन पलंगांच्या मध्ये एक गादी सहज पडते. बसून विचार करा, मी आत्ताच उत्तर मागत नाही.

उत्तर एका गोष्टीचं मात्र हवं आहे. तुमच्या फाटकाबाहेर भिंतीला लागून बावीस फूट लांब गाडी उभी राहील का, आणि वर विजेच्या तारा किती उंचीवर आहेत? गाडी अजून मिळायची आहे, पण जागा आधी विचारून ठेवलेली बरी. पट्टीने नीट मोजा, अंदाजपंचे नको, आणि उलट टपाली कळवा.

तुमची,
वहिनी